खुर्चीतला तालुका

आमच्या पंचायत समितीत सांख्यिकीचे एक विस्तार अधिकारी होते. आम्ही मागं त्यांना ‘तालुका’ म्हणत असू. ‘तालुका आला का?’ ‘आला, पण पान खायला गेला.’ ‘आज तालुक्याचं पोट बिघडलंय.’ एकदा बीडीओ साहेबांच्या तोंडून त्यांच्यासमोरच निसटलं, ‘अरे, जरा तालुक्याला बोलवा.’ आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. आमचे हे साहेब मात्र चिडले नाहीत. उलट खुलले. त्या दिवशी संध्याकाळी मला म्हणाले, “आता ऑफिसलेही समजून राहिलं, तालुका म्हणजे कोन आहे ते.”

गोंदिया जिल्ह्याच्या जंगलपट्टीतला हा तालुका. साहेब गोंदियातून रोज पॅसेंजरनं यायचे, स्टेशनपासून ऑफिसपर्यंत सायकल रिक्षानं यायचे, आणि खुर्चीत बसले की संध्याकाळच्या पॅसेंजरलाच उठायचे. खुर्चीवर कापसाची गादी होती, घरून शिवून आणलेली. माघ संपला तरी स्वेटर अंगात असायचा. वारा, ऊन, धूळ, कुत्री, उकडलेली अंडी आणि खेडी, या सगळ्याचं त्यांना वावडं होतं. आणि याच माणसाकडं साऱ्या तालुक्याचा भूगोल, लोकसंख्या आणि अर्थव्यवस्था सोपवलेली होती.

‘तालुका परिचय’ नावाची माहिती दर वर्षी वर पाठवावी लागायची. कोणी मोठा अधिकारी किंवा पुढारी आला, की तीच त्याच्या हातात ठेवायची. ती साहेब लिहायचे आणि मी टाइप करायचो. नोकरीला लागलो तेव्हा मी अगदी नवा होतो. पहिल्याच आठवड्यात भाबडेपणानं विचारलं, “साहेब, एवढी माहिती गोळा करायला गावोगाव फिरावं लागत असेल ना?”

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, “बाबू, एक गोष्ट ध्यानात ठेव. गाव पाहिलं की आकडा बिघडते.”

ते हे विनोदानं म्हणाले नव्हते. तो त्यांचा सिद्धांत होता. मागच्या वर्षीचा आकडा घ्यायचा. माणसं असतील तर थोडी वाढवायची, जंगल असेल तर थोडं कमी करायचं, साक्षरता असेल तर जरा जास्तच वाढवायची. गुरं मात्र वाढवायची की घटवायची हे पाऊस बघून ठरायचं. तो पाऊससुद्धा खिडकीतून बघितलेला. त्यांचे आकडे मी इथं देत नाही. ते त्यांचे होते, तालुक्याचे नव्हते.

नव्याण्णव साली भंडाऱ्यातून आमचा जिल्हा वेगळा निघाला. तेव्हा साहेबांना फार काम पडलं. जिथं जिथं ‘भंडारा’ होतं तिथं तिथं खोडून ‘गोंदिया’ करायचं होतं. ते जेमतेम आटोपलं, तोच पुढच्या वर्षी पलीकडच्या बाजूला छत्तीसगड राज्य झालं. याचा मात्र साहेबांना मनापासून राग आला. आमच्या ‘परिचया’त ‘पूर्वेस मध्य प्रदेश’ असं लिहिलेलं असायचं आणि ते बदलायला ते तयारच नव्हते. मी दोनदा आठवण केली. म्हणाले, “काऊन बदलायचं? सरहद्द हालली का? झाडं तिथंच आहेत ना?” पुढं कित्येक वर्षं, छत्तीसगडच्या लोकांना स्वतःचं राज्य मिळालेलं असताना, आमच्या पूर्वेला मध्य प्रदेशच नांदत होता.

अर्थव्यवस्थेचा भाग त्यांच्या विशेष आवडीचा. खरं तर त्यात सांगण्यासारखं थोडंच होतं. आमच्याकडं पावसाळ्यात धान लावतात, तलावात पाणी उरलं तर उन्हाळ्यातही धानच लावतात, आणि मधल्या दिवसांत लोक तेंदूपत्ता तोडतात, मोहफुलं वेचतात. मोहफुलांचं पुढं काय होतं हे तालुक्यातल्या बाळालाही ठाऊक असतं. पण ‘दारू’ हा शब्द सरकारी कागदात कसा घालायचा? साहेबांनी तोड काढली. लिहिलं, ‘मोहफुलांपासून मुरंबा तयार करण्यात येतो.’

हे कोणी वाचत नाही असा आमचा समज होता. पण एका वर्षी मुंबईहून एक मोठे अधिकारी आले आणि त्यांनी ते वाचलं. इतकंच नाही, तर चवीनं वाचलं. म्हणाले, “उद्या हा मुरंबा चाखायचाय.”

बीडीओ साहेबांचा चेहरा उतरला. आमच्या साहेबांचा नाही उतरला. त्यांनी गोंदियाला घरी फोन लावला. त्यांच्या बायकोनं कुठून कुठून सुकी मोहफुलं मिळवली, धुतली, गुळात शिजवली, वेलदोडा घातला, आणि सकाळच्या पॅसेंजरनं साहेबांच्या मांडीवर बसून बरणी आली. पाहुण्यांनी दोन चमचे खाल्ले. ‘वा’ म्हणाले. पुढच्या ‘परिचया’त मुरंबा हा महिला बचत गटांचा प्रमुख उद्योग झाला. त्याच्या पुढच्या वर्षी त्या उद्योगासाठी प्रशिक्षणही आलं. बाया बिचाऱ्या दोन दिवस सतरंजीवर बसल्या, फुकटचा नाश्ता खाल्ला आणि घरी जाऊन फुलांचं जे करायचं तेच केलं.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येण्यासारखं होतं. आम्ही नेतही होतो.

आमच्याकडं ‘रिठी’ म्हणून एक प्रकार असतो. कागदावर गावाचं नाव आणि शिवार असतं, पण वस्ती उठून गेलेली असते. अशा ओसाड गावाला रिठी म्हणतात. तालुक्यात अशी काही गावं होती आणि त्यातलं एक, कोसमडोह समजा, अगदी पूर्वेच्या टोकाला जंगलात होतं. साहेबांच्या आधीच्या कोणीतरी ते रिठी लिहिलं होतं, म्हणून साहेबांनीही लिहिलं. जनगणनेच्या वेळी ज्या गुरुजींकडं तो भाग होता ते चौकशीला ऑफिसात आले होते. साहेब त्यांना म्हणाले, “गुरुजी, तिथं कुत्रंबी नाही. कायले पाय दुखवता?” गुरुजींनाही पाय होते. ते गेले नाहीत. झालं. सरकारचीही मोहर उठली.

तिथं पाच-पंचवीस गोंड घरं पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. दर उन्हाळ्यात त्यांच्यातले दोघं-तिघं हातपंप मागायला यायचे. साहेब त्यांना बसायला सांगत, पाणी देत आणि समजावत, “अरे बाबू, माणसं मोजून पंप देतात. तुमच्या गावाची लोकसंख्या निरंक आहे. निरंकाले पंप कसा देईन?” ते म्हणत, “पन आमी आहो ना साहेब.” साहेब म्हणत, “इथं आहात. तिथं नाही.” ते एकमेकांकडं बघत आणि उठून जात. हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

मग एका वर्षी शेजारच्या तालुक्यात कचारगडच्या गुहेपाशी भरणाऱ्या गोंडांच्या जत्रेला बंदोबस्तासाठी आमच्याही ऑफिसातली माणसं ओढली गेली. साहेबांनी पाठदुखी सांगितली, रक्तदाब सांगितला, मेव्हण्याचं लग्न सांगितलं. यादीतून नाव निघेना. शेवटी गादी बगलेत मारून ते माझ्यासोबत जीपमध्ये बसले. दोन दिवस गुहेच्या पायथ्याला मंडपात खुर्ची टाकून बसले, आणि इतकी माणसं एकदम बघून खुर्ची आणखी आत ओढत राहिले.

परतताना ड्रायव्हरनं जंगलातली जवळची वाट धरली. भर दुपारी, ना माणूस ना माणसाची सावली अशा जागी जीपचा पाटा तुटला. ड्रायव्हर मदत आणायला मागं गेला. साहेब आणि मी पायवाटेनं पुढं निघालो, कुठं तरी पाणी मिळेल म्हणून. स्वेटर, डोक्याला रुमाल, बगलेत गादी. चालताना साहेब दर दहा पावलांना थांबायचे आणि म्हणायचे, “अस्वल असते बाबू इकडं.”

अस्वल नाही, शेणानं सारवलेलं एक अंगण दिसलं. मग दुसरं. मग चांगली सरळ गल्लीच दिसली. दोन्हीकडं मातीची नीटस घरं, कुडाला भोपळ्याचे वेल, एका ओसरीवर धानाची कणगी. एक म्हातारी सुपात काहीतरी पाखडत होती. आम्हाला बघून तिनं सूप बाजूला ठेवलं. साहेब ओसरीवर मटकन बसले.

“पानी,” एवढंच म्हणाले.

तिनं लोटा भरून आणला. पाणी तांबूस होतं. नाल्याच्या रेतीत खड्डा करून, त्यात झिरपलेलं काढलेलं. साहेबांनी लोटा तोंडाशी नेला, पण प्यायच्या आधी सवयीनं विचारलं, “हे कोनतं गाव होय बाई?”

“कोसमडोह.”

साहेबांनी लोटा खाली घेतला. माझ्याकडं वळले आणि अगदी ऑफिसातल्या आवाजात म्हणाले, “हे गाव तं रिठी आहे.”

म्हातारी म्हणाली, “रिठी तं रिठी. पानी पे आदी.”

ते प्याले. दुसरा लोटाही प्याले. मग तिनं पेज दिली, तीही प्याले. तिचं नाव सुकवारोबाई. तोवर गाव भोवती गोळा झालं होतं. हातपंप मागायला येणाऱ्या दोघांनी साहेबांना ओळखलं आणि त्यांना हसू आवरेना. एक जण म्हणाला, “साहेब, मोजून घ्या ना आता. सारे आहोत.” लेकरं ओळीनं उभी राहिली. साहेबांनी त्यांच्याकडं पाहिलं, गादीकडं पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. संध्याकाळच्या आत त्या माणसांनी त्यांना बैलगाडीत बसवून डांबरी सडकेपर्यंत पोचवलं. रस्ताभर साहेब मान वळवून मागं गावाकडं बघत राहिले. मला वाटलं, माणूस बदलला.

माणसं इतकी स्वस्तात बदलत नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. कोसमडोहला पंप द्यायचा हे त्यांनी ठरवलं होतं, आणि त्यासाठी वस्ती दाखवणं भाग होतं. पण त्यांना दुसराच घोर लागला होता. “आता माणसं आहेत म्हणून लिहिलं, तं मागचे सगळे साल खोटे ठरते. कोनी विचारलं, एवढे दिवस कुठी होते, तं का सांगू?” दिवसभर विचार करून त्यांनी वाट काढली आणि मला मजकूर सांगितला : ‘कोसमडोह येथे चालू वर्षी छत्तीसगडमधून आलेल्या कुटुंबांची नवीन वस्ती झाली आहे.’

मी म्हणालो, “साहेब, ते तर तिथलेच आहेत.”

“असतीन. पन कागदात कुठून तरी आले पाहिजेत ना?” साहेब समाधानानं हसले. “पंपबी आला, आकडाबी बिघडला नाही.”

ज्या छत्तीसगडाला त्यांनी इतकी वर्षं जागा दिली नव्हती, त्याला अशी जागा मिळाली.

पंप आला. गावानं साहेबांना ऑफिसात येऊन हळद-कुंकू लावलं, कोंबडा दिला. साहेबांनी कोंबडा शिपायाला दिला आणि तेव्हापासून कोसमडोहला ‘मी वसवलेलं गाव’ म्हणू लागले. निरोप समारंभातही त्यांनी ते सांगितलं. त्या गावात ते पुन्हा एकदाही गेले नाहीत. निवृत्त झाले आणि गोंदियात मुलीच्या मुलांचा भूगोल घेऊ लागले.

दरम्यान वनहक्काचा कायदा आला होता. जंगलातली जी जमीन आदिवासी आधीपासून कसत आले, तिचा पट्टा त्यांच्या नावावर व्हायचा होता. अट एकच, ठरलेल्या तारखेच्या आधीपासून कसत असले पाहिजेत. कोसमडोहनं दावे केले. वरच्या समितीनं कागद चाळले तर त्यात आमचा ‘तालुका परिचय’ निघाला. त्यात स्पष्ट लिहिलेलं, हे लोक तारखेनंतर छत्तीसगडातून आले! म्हाताऱ्यांचे जबाब होते, पण सरकारच्या कागदापुढं म्हाताऱ्यांचं कोण ऐकतं? दावे फेटाळायच्या बेताला आले.

सुकवारोबाई आणि गावातले दोघं माझ्याकडं आले. मी त्यांना घेऊन साहेबांच्या घरी गेलो. साहेब बनियनवर बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मी आता रिटायर्ड माणूस. माझ्या शब्दाले का किंमत?”

मी म्हणालो, “तुम्ही लिहिलं ते खोटं होतं, एवढंच सांगायचं आहे.”

“अन् पेन्शन?” साहेब ओरडलेच. “खोटा रेकॉर्ड केला म्हणून चौकशी लागली तं? तू भरशीन का?” मग सुकवारोबाईकडं वळून, आवाज खाली आणून म्हणाले, “बाई, तुमी जुने आहात याचा काही पुरावा आहे का पन?”

ती खाली फरशीवर बसली होती. तिनं मान वर केली. “माह्या नवऱ्याले तिथंच गाडलं बाबू. सासऱ्याले तिथंच गाडलं. एक पोरगी गाडली. उकरून दाखवू का?”

आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. पडदा सारून साहेबांच्या बायको बाहेर आल्या. हात पदराला पुसत नवऱ्याला म्हणाल्या, “तुमच्या पेन्शनीत अर्धी मी खाते ना जी? मी जेवीन एक टाइम. पन तुमी जा.”

सुनावणीच्या दिवशी साहेब इस्त्रीचा सदरा घालून आले. समोर उपविभागीय अधिकारी म्हणून एक तरुण बाई होत्या. साहेब उभे राहिले, खाकरले आणि सुरू झाले, “तालुक्याचे भौगोलिक स्थान पाहता, उत्तरेस बालाघाट, पूर्वेस...” जमीन, हवामान, पर्जन्यमान, मुख्य पीक. आवाज असा खणखणीत की बाहेरचा शिपाई डोकावून गेला. ते मुद्दाम करत नव्हते. मुद्द्यावर येण्याची त्यांना छाती होत नव्हती, एवढंच. गावकरी एकमेकांना कोपरं मारत होते. मोहफुलांपर्यंत आल्यावर बाईंनी हात वर केला.

“एक मिनिट. कोसमडोहला तुम्ही किती वेळा गेलात?”

“एक डाव.”

“त्याच्या आधी?”

“नाही.”

“मग तिथं कोणी राहत नाही असं इतकी वर्षं कसं लिहिलं?”

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. भिंतीकडं पाहिलं. मग म्हणाले, “खुर्चीत बसून.”

मागं कोणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. “आणि हे लोक छत्तीसगडमधून आले, हे?”

“तेबी खुर्चीतच, मॅडम.” आवाज आता पार खाली गेला होता. “हे कुठून आले नाहीत. हे तिथंच होते. मीच नव्हतो गेलो.”

बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि सही करायला कागद पुढं केला. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि सही केली. पुढं कोसमडोहला पट्टे मिळाले. साहेबांवर चौकशीही लागली, पण चौकशीवाले साहेब गोंदियाच्या पलीकडं काही आले नाहीत. ‘प्रत्यक्ष स्थळपाहणी केली असता दोष आढळला नाही’ असा त्यांनी अहवाल दिला. पेन्शन शाबूत राहिली.

पण हे नंतरचं. त्या दिवशी आम्ही बाहेर आलो तेव्हा साहेब पायरीवर बसून घाम पुसत होते. सुकवारोबाई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता पाया पडते की काय. तिनं कंबरेवर हात ठेवला.

“इतकंच बोलाचं होतं, तं इतके दिवस आमाले कायले नाचवलं रे बाबू?”

साहेब खाली वाकून चपलेचा पट्टा सारखा करू लागले. मग तीच जरा निवळली. “चाल गावात. भात खाऊन जा. पंपाचं पानी पे.”

गावातल्या दोघांनी गाडी जुंपलीच होती. मला खरंच वाटलं, आता हा माणूस उठेल आणि बसेल गाडीत. साहेब उठले. गाडीपर्यंत गेलेही. चाकाला हात लावून थोडा वेळ उभे राहिले आणि मग मागं सरले.

“नाही बाई,” ते म्हणाले. “एक गाव पाहिलं तं एवढं झालं. अजून किती गावं आहेत तालुक्यात.”

आणि छत्री उघडून ते स्टेशनच्या दिशेनं चालू लागले.